'इतर'चा रकाना

गोदामाच्या फाटकावर मी बावीस वर्षं ट्रक तपासतोय. पावतीवर शंभर पोती आणि गाडीत नव्याण्णव असली, की ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरूनच मला कळतं. गेल्या वर्षी दंतवैद्याने जवळजवळ फुकटात कवळी बसवून दिली, तेव्हाही मला संशय आला होता. "कॉलेजच्या ओळखीने सवलत मिळाली," लेक म्हणाली. कवळी घट्ट बसली, म्हणून मी गप्प बसलो.

तर यंदा लेकीची फी माझ्या उत्पन्नातून वजा करून थोडा कर वाचवावा, असं मनात होतं. कर सल्लागाराने कॉलेजचा दाखला मागितला. बघतो तर मला फीपुरतीच वाटलेली तिची शिष्यवृत्ती फीपेक्षा कितीतरी जास्त! सोबत लेकीच्या अक्षरात खर्चाचा कागद: फी, पुस्तकं आणि 'इतर' चाळीस हजार.

आमच्या फाटकावर कुणी 'इतर' लिहिलं, की समजायचं पाणी मुरतंय.

हिच्या चपला जुन्याच, फोनची काच तडकलेली. म्हणजे पैसा दुसऱ्याच कुणावर तरी जातोय. कोण असेल तो? बायकोला विचारलं, तर "अहो, तुम्ही स्वतःच्या सावलीचीही झडती घ्याल," म्हणून ती पातेलं घासायला लागली. आधीच घासलेलं पातेलं! म्हणजे तीही सामील. आठ दिवस मी त्या 'इतर'वर दात धरून होतो. झोप उडाली होती. एकुलती एक लेक. तिचंच खोटं निघालं, तर खरं कुणाचं मानायचं?

शेवटी तिला घेऊनच सल्लागाराच्या ऑफिसात गेलो.

"फी शिष्यवृत्तीतून भरलीये, त्यामुळे तुम्हाला ती वजा करता येणार नाही," तो म्हणाला. "उलट शिक्षणाबाहेर खर्च केलेली रक्कम हिचं उत्पन्न धरतात. त्यावर कर लागू शकतो."

"माहितीये," लेक म्हणाली. "म्हणूनच वेगळी लिहिली."

माझा तोल सुटला. दातओठ खात मी विचारलं, "कुणावर उधळलेस चाळीस हजार?"

तिने सल्लागाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत्ता ओठांबरोबर जे खाताय ना बाबा, त्यांच्यावर," ती हळूच म्हणाली. "खरी किंमत सांगितली असती, तर तुम्ही बसवून घेतले असते का?"

सल्लागार कागदात डोकं घालून बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिचा कर मी भरतो," मी म्हणालो. ओठ थरथरत होते. कवळी मात्र जराही हलली नाही.