तुम्ही व्हा पुढे, मी आलोच

मी एक जुना मायक्रोफोन आहे. मित्रांनो, मी स्वभावाने संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुमची तक्रार नको. ज्याच्यासमोर उभे राहून लोक जन्मभर दुसऱ्याच्याच आवाजात बोलले, तो आणखी कसा होणार? माझ्यासमोर भल्या दांडग्या गृहस्थांनी तान्ह्या बाळासारखे रडून दाखवले आहे. दोन वाट्या आपटून घोडे पळवले आहेत आणि चुरचुरीत कागद चुरगळून घरांना आग लावली आहे. त्यामुळे कोणी माझ्याजवळ येऊन नुसते "हॅलो" म्हटले, तरी मला वाटते, याच्या मनात काहीतरी वेगळेच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्यासमोर चुटकी वाजवली, कानाला यंत्र लावले आणि म्हणाल्या, "बरा आहे." बरा म्हणजे चांगला, की बरा म्हणजे चालवून घेण्यासारखा, हे त्यांनी सांगितले नाही. तो प्रश्न मला अजून छळतो.

तिथून मी एका स्टुडिओत आलो. लहानशी खोली, भिंतींना जाड गाद्या, दुहेरी काचेची खिडकी आणि एका बाजूला जमिनीपर्यंत लोळणारा तपकिरी पडदा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसत. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी ते इतक्या मोठ्याने "शांतता" ओरडत की सगळ्या इमारतीत तेवढाच एक गोंगाट व्हायचा. म्हणून सगळे त्यांना शांतताराव म्हणत. ते रोज मला मऊ फडक्याने पुसायचे. एवढे लाड कशासाठी, अशी मला शंका यायची, पण पुसून घ्यायला आवडायचे हेही खरे.

त्या खोलीत गुबल्या जन्मला. गुबल्या म्हणजे मुलांच्या कार्टून मालिकेतला पाणघोड्याचा बछडा. गोल, जांभळा आणि पाण्याला घाबरणारा. सगळे मित्र नदीत उड्या मारायला निघाले की तो काठावर रेंगाळत म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." तो येणार नाही हे मित्रांना पुरते ठाऊक असायचे. मग बगळा, कासव आणि पाणमांजर परत फिरत, काठावर त्याच्या शेजारी बसत आणि म्हणत, "मग आम्हीही थांबतो." दर भाग असाच संपायचा, आणि दर वेळी मुलांना तो नवाच वाटायचा.

गुबल्याचा आवाज ताईंचा. ताई म्हणजे बारीक चणीच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, हळू बोलणाऱ्या बाई. माझ्यासमोर आल्या की त्या चष्मा काढून जवळ असेल त्याच्या हातात देत, गाल फुगवत, हनुवटी छातीला टेकवत, आणि तोंड उघडण्याआधी ओठ मिटून एक बारीकसा आवंढा गिळत. तो आवंढा टीव्हीवर कोणाला ऐकू गेला नाही. शांतताराव तो कापून टाकत. तो फक्त माझा होता.

कधी कधी शाळेतली मुले स्टुडिओ पाहायला येत. ताईंना पाहून त्यांचा चेहरा पडे. ही चष्मेवाली बाई गुबल्या? काहीतरी फसवाफसवी आहे. मग शांतताराव पडदा ओढत आणि ताई पडद्याआडून बोलत. मुले आनंदाने नाचत. पडदा सरकला की पुन्हा संशय. एकदा तर दोन वेण्यांची एक मुलगी ताईंच्या मागे जाऊन, वाकून, खुर्चीखाली पाणघोडा शोधून आली. मला ती मुलगी फार आवडली. माझ्याच जातीची होती.

पुढे मालिका बंद झाली. नवे, चकचकीत मायक्रोफोन आले. शांततारावांनी मला एका खोक्यात ठेवले आणि खोके कपाटावर. "थोडे दिवसच," असे ते म्हणाले. थोडे दिवस म्हणजे किती, हा दुसरा प्रश्न मला छळू लागला.

धूळ खात किती काळ गेला कोण जाणे. एके दिवशी खोके उघडले. शांततारावांचे केस पांढरे झाले होते. त्यांच्यामागे ताई उभ्या होत्या आणि ताईंच्या शेजारी एक तरुण दिग्दर्शिका. गुबल्यावर सिनेमा निघणार होता. चित्रांचा नव्हे, खऱ्या नदीकाठचा, खऱ्या माणसांचा, आणि गुबल्याही संगणकावर अगदी खऱ्या पाणघोड्यासारखा बनवलेला. ताईंनी अट घातली होती की बोलेन ती जुन्या मायक्रोफोनसमोरच. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतक्या वर्षांनी आठवण? यात नक्की काहीतरी पाणी मुरत होते.

ताई बोलल्या. आवाज जड झाला होता. पुढचे दात नवे होते, त्यामुळे काही अक्षरे जरा घसरत होती. पण आधीचा तो आवंढा तसाच होता. मी लगेच ओळखले. मला इतका आनंद झाला की शांततारावांना वाटले, वायर सैल आहे.

मग सिनेमाची झलक बाहेर पडली, आणि लहानपणी गुबल्यावर वाढलेली ती सगळी पिढी एकदम खवळली. शांतताराव फोनवरचे शेरे वाचून दाखवत आणि ताई ऐकत बसत. याच्या नाकात केस आहेत, आमच्या गुबल्याच्या नाकात केस नव्हते. हा जांभळा नाही, मातकट आहे. याच्या कातडीकडे पाहून माझी मुलगी पलंगाखाली लपली. इथवर ताई हसत होत्या. पुढचे शेरे आवाजावर होते. हा गुबल्या नव्हेच. पैसे वाचवायला कोणातरी बाईला उभे केले आहे. आमचा मूळ आवाज आम्हाला परत द्या.

कंपनीने खुलासा केला की आवाज त्याच ताईंचा आहे. त्याने आगीत तेलच पडले. आता म्हणे ताईंनाही कंपनीने खोटे बोलायला लावले होते. "गुबल्याप्रेमी मंडळ" नावाचा एक गट होता. त्याचा अध्यक्ष चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि गुबल्याची हुबेहूब नक्कल करायचा. मंडळाचे म्हणणे पडले की तुमच्या त्या बाईपेक्षा आमचा अध्यक्ष बरा. निर्मात्यांनाही हे पटू लागले. दिग्दर्शिका ताईंना काही बोलली नाही, पण ती काचेपलीकडे शांततारावांना हळूच विचारत होती की ताईंचा आवाज खरंच उतरलाय का. ताईंना ते ऐकू गेले नाही. मला गेले. मला सगळे ऐकू जाते, हेच तर माझे दुखणे आहे.

शेवटी दिग्दर्शिकेनेच तोडगा काढला. मंडळाला स्टुडिओत बोलवायचे. पडद्याआड ताई आणि अध्यक्ष, दोघे. दोघांनी गुबल्याचे ते ठरलेले वाक्य म्हणायचे आणि ऐकणाऱ्यांनी खरा गुबल्या ओळखायचा. "लहानपणी मी खुर्चीखाली पाणघोडा शोधला होता," ती ताईंना म्हणाली, "पडद्याआडून मात्र मला कधी शंका आली नाही." तेव्हा मला ती दोन वेण्यांची मुलगी आठवली. ताईंनी मान डोलावली. गुबल्या हातातून जाणार की राहणार, हे आता पडद्यापलीकडच्या कानांवर होते.

मंडळ आले. जांभळे सदरे घातलेली मोठी माणसे, कोणाचे पोट सुटलेले, कोणाच्या कडेवर मूल. खोलीत शिरताच त्यांनी पडद्याला हात लावून पाहिला, मागे तिसरे कोणी नाही ना. मला तेही आवडले.

पडद्याआड मला मधे उभे केले होते. आधी अध्यक्षाची पाळी होती. त्याने वाक्य म्हटले आणि ते थेट जुन्या मालिकेतून उचलल्यासारखे वाटले. बाहेर एकच हशा उठला. मग ताईंनी चष्मा काढला आणि सवयीने शेजाऱ्याच्या हातात दिला. शेजारी अध्यक्ष होता. त्यानेही सवयीने खिशातले फडके काढून भिंगे पुसायला घेतली. ताईंनी गाल फुगवले, हनुवटी टेकवली, ओठ मिटले, आवंढा गिळला. अध्यक्षाचा हात फडक्यावर तसाच थांबला. ताई बोलल्या. बाहेर कोणी हसले नाही.

निकाल लागायला वेळ लागला नाही. पहिला आवाज खरा, दुसरा नकली, असे सगळ्यांनी एकमुखाने सांगितले. पडदा सरकला. अध्यक्ष पुढे आला, पण आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

"पहिला मी होतो," तो म्हणाला. "मी मालिका ऐकून ऐकून शिकलो. गुबल्या ह्या आहेत. मी आत्ता शेजारी उभा राहून पाहिलं."

मंडळात कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी स्पष्टच म्हणाले, "यालाही फोडला वाटतं कंपनीने." मी आयुष्यभर संशय घेतला, पण असा संशय मलाही सुचला नसता.

ताईंनी अध्यक्षाच्या हातून चष्मा घेतला. त्या फार थकल्या होत्या. दिग्दर्शिका सगळ्यांना शेजारच्या खोलीत चहाला बोलावत होती. ताई गेल्या नाहीत. पिशवी उचलून त्यांनी मागचे दार पाहून ठेवले. त्यांना गुपचूप घरी जायचे होते, हे मला त्यांच्या श्वासावरून कळले. दिग्दर्शिका म्हणाली, "ताई, चला ना."

ताई गुबल्याच्या आवाजात बोलल्या नाहीत. आपल्याच आवाजात, हळू, जराशा कापऱ्या, त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

"आलेच" म्हणायच्या ऐवजी जुन्या सवयीने तसे निघून गेले. दारात पोचलेली माणसे थबकली. येतो म्हणून न येणारा गुबल्या त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. नक्कल त्यांना ओळखता आली नाही, पण ही टाळाटाळ त्यांना पाठ होती. कडेवर मूल असलेली एक बाई परत फिरली आणि ताईंच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. मग पोट सुटलेला गृहस्थ गुडघे धरत खाली बसला. मग अध्यक्ष. एकेक करून सगळे बसले.

"मग आम्हीही थांबतो," ती बाई म्हणाली. ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि पदराने डोळे टिपले.

सिनेमात आवाज ताईंचाच राहिला. एकही वाक्य नव्याने रेकॉर्ड केले नाही. तरी सिनेमा आल्यावर बाहेरच्या जगाने लिहिले की आमच्या दबावामुळे कंपनीला शेवटी मूळ आवाज आणावाच लागला, पाहा किती फरक पडला. नाकातल्या केसांबद्दल मात्र अजून कुरकुर चालू आहे.

मित्रांनो, संशय जरूर घ्या. मीच तो सोडू शकलो नाही, तर तुम्हाला सोडा म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? पण ज्या आवाजाने तुम्हाला लहानपणी हसवले, तो थकून, जरा घसरत तुमच्यासमोर आला, तर त्याला नकली म्हणण्याआधी थोडे थांबून ऐका. तुमचे कानही मधल्या काळात तेवढेच जुने झाले आहेत. आणि घरात कपाटावर एखादे खोके असेल, तर ते अधूनमधून उघडून, आतल्याला मऊ फडक्याने पुसत जा. त्याला ते आवडते, जरी तो कबूल करत नसला तरी.

मला शांततारावांनी पुन्हा पुसून खोक्यात ठेवले. या वेळी झाकण मात्र लावले नाही. खोलीतला दिवा मालवता मालवता ते म्हणाले, "आलोच हं." अजून आले नाहीत. माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. असू दे, मग मीही थांबतो.