पोलिसांच्या हातचं वाण

सगुणाबाई भाजीची पाटी घेऊन वस्तीत फिरायची. कुणाच्या घरात काय शिजतंय आणि काय करपतंय, ते तिला दारातूनच कळायचं. म्हणूनच पोलिसांनी तिला मोहल्ला समितीत घेतलं होतं. नळावरची भांडणं, दारू पिऊन मारणारा नवरा, पळालेली पोरगी, काहीही झालं की ठाण्यातून तिला फोन. ती गेली की शिपाई खुर्ची पुढे करायचा, चहा सांगायचा. बाया तिला चेष्टेनं फौजदारीणबाई म्हणायच्या. वरवर ती रागवायची, पण आतून सुखावायची.

दिवाळीनंतर वस्तीत पेठ तालुक्याकडची पुतळाबाई आणि तिचा लेक मंगळू राहायला आले. भातकापणी आटोपली की ही मंडळी नाशकात कामाला येतात, तशीच ही दोघं. मंगळू स्लॅबच्या कामावर जायचा. पुतळाबाईचा नवरा केव्हाच वारला होता. पोरगाच तिचं सगळं काही.

एका संध्याकाळी जीप आली. जवळच्या शेडमधली तांब्याची तार चोरीला गेली होती आणि मंगळूवर संशय होता. पुतळाबाई रडायला लागली तेव्हा सगुणाबाईनंच तिला आवरलं. मंगळूला म्हणाली, "जा बाबा, घाबरू नको. आपलेच लोक हायेत. सकाळी येते मी."

मंगळू जीपमध्ये चढला, पण पायात चप्पल नव्हती. तो खाली उतरला, दारापाशी गेला, चप्पल घातली आणि परत चढला. हे सगुणाबाईनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

सकाळी ती भाकरी बांधून ठाण्यात गेली, तर दोन शिपाई मंगळूला काखेत धरून आणत होते. उजवं पाऊल घोट्यातून भलतीकडेच वळलेलं. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. ठाण्याचे साहेब म्हणाले, भिंतीवरून उडी मारून पळत होता. पुढं तार दुसऱ्याच कुणाकडे सापडली आणि मंगळूला सोडून दिलं. पाय मात्र सरळ झाला नाही.

शहरात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला एक समिती बसते, तिच्यात पोलीस नसतात, सगळी बाहेरची शिकलेली माणसं असतात, हे सगुणाबाईनं मोहल्ला समितीच्या बैठकीतच ऐकलं होतं. तिनं पुतळाबाईला अर्ज करायला लावला. पुतळाबाई तयार नव्हती. आम्हाला इथंच राहायचं, कमवायचं, पोलिसांशी वैर कशाला, असं तिचं म्हणणं. तिला मोठं काही नकोच होतं. माझा पोरगा चोर नाही आणि तो पळालाही नाही, एवढं कुणीतरी सरकारी माणसानं लिहून द्यावं, इतकंच.

"मी उभी राहीन ना," सगुणाबाई म्हणाली. "सांगीन त्यांना, आपल्या पायानं गेलेला पोरगा हाय म्हणून. मी पाहिलंय."

त्या भरवशावर अर्ज गेला आणि सुनावणीची तारीख उन्हाळ्यातली पडली.

मध्ये संक्रांत आली. ठाण्याच्या नव्या इन्स्पेक्टर मॅडमनी वस्तीतल्या बायांसाठी हळदीकुंकू ठेवलं. सगुणाबाईला फोन करून म्हणाल्या, विधवा बायांनाही आणा, आमच्याकडे भेद नाही. त्या पेठच्या बाईलाही आणा. तक्रार तक्रारीच्या जागी, सण सणाच्या जागी.

सगुणाबाईच्या कपाळाला कुंकू लागून किती वर्षं झाली होती, ते तिचं तिलाच आठवत नव्हतं. शेजारी हळदीकुंकू असलं की त्या दिवशी ती मुद्दाम लांबच्या गल्लीत भाजी घेऊन जायची. त्यामुळे मॅडमचं बोलणं ऐकून तिचं मन भरून आलं. तिनं पुतळाबाईला हाताला धरून नेलं.

ठाण्याच्या अंगणात मांडव होता. मॅडमनी स्वतः दोघींना कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण म्हणून एकेक स्टीलची वाटी दिली. पुतळाबाई घटकाभर तिळगुळाकडे बघत राहिली. पण पुढे केलेल्या तिळगुळाला नाही कसं म्हणायचं? तिनं तोंडात टाकला. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. समोर कॅमेरा होता. सगुणाबाई हसत होती.

सुनावणीला तिघं जण बसले होते. मधले अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, आवाज मऊ, ओरडणारे नव्हेत. त्यांनी पुतळाबाईला आधी पाणी दिलं. मग पोलिसांच्या वकिलानं एक फोटो पुढे ठेवला. कपाळावर कुंकू, हातात वाटी, खांद्यावर मॅडमचा हात.

अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला बळजबरीनं नेलं होतं का?"

"नाही. ही सगुणाबाई म्हणाली चल, मी गेले."

"तिळगूळ घेतलात?"

"घेतला."

"मग आता मनात काही राग?"

ज्याच्या हातचा तिळगूळ खाल्ला त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नसतं, हे पुतळाबाईला कुणी शिकवायला नको होतं. शिवाय मॅडम त्या रात्री ठाण्यात नव्हत्याच, त्या नंतर आल्या.

"त्या बाईचा काही राग नाही," ती म्हणाली. मग हळूच, "पाय मात्र मोडला."

पहिलं वाक्य टाइप करणाऱ्या पोरानं घेतलं होतं. दुसऱ्याच्या वेळी तो कागद बदलत होता.

सगुणाबाई उभी राहिली. म्हणाली, "साहेब, पोरगा आपल्या पायानं जीपमध्ये चढला होता. चप्पल घालायला मागं आला होता. पळायचं असतं तर तेव्हाच पळाला असता."

समितीतल्या, टोकाला बसलेल्या बाईंनी फोटो तिच्याकडे फिरवला. "आजी, या तुम्हीच ना? इतका अन्याय पाहिलात आणि मग त्यांच्याच मांडवात हसलात?"

हसण्याचं कारण सांगायचं तर कपाळापासून सुरुवात करावी लागली असती. सगुणाबाईला ते तिथं जमलं नाही. ती खाली बसली. दोन्ही बाजूंत सामोपचार झाला आहे, असं लिहून समितीनं प्रकरण मिटवलं. आणि मंगळू पळत होता, हे कागदावर तसंच राहिलं.

पुतळाबाईनं सगुणाबाईला एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पेठच्या बसमध्ये मंगळूला काठीसकट चढवताना तिनं पिशवीतून ती वाटी काढली आणि सगुणाबाईच्या हातात दिली.

"तुमच्या मॅडमला द्या. आमच्याकडे आहेत भांडी."

सगुणाबाई वाटी घेऊन ठाण्यात गेली. मॅडमची बदली झाली होती. शिपाई हसला, "वाण कुणी माघारी घेतं का मावशी? वापरा घरात." त्यानं खुर्ची पुढे केली. ती बसली नाही, आणि पुढं बैठकांना जायचंही तिनं सोडलं. वाटी तिनं फळीवर पालथी घालून ठेवली. स्वयंपाक करताना नजर तिथंच जायची.

पुढच्या संक्रांतीला ठाण्यात पुन्हा मांडव उभा राहिला. नव्या मॅडम आल्या होत्या. यंदा वाण म्हणून डबा आहे, अशी बातमी फुटली आणि बाया साड्या नेसून निघाल्या. सगुणाबाईनं वाटी पदराखाली घेतली. सगळ्यांसमोर ती परत करायची आणि मंगळूचं नाव घेऊन बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं. रांगेत ती तेच शब्द घोकत होती.

तिची पाळी आली. मॅडम तरुण होत्या, चेहरा प्रेमळ होता. "या आजी," म्हणाल्या आणि कुंकवाचं बोट कपाळाला टेकवलं. तेवढ्यानं सगुणाबाईचे घोकलेले शब्द आतच अडकले. तिनं वाटी पुढे धरली.

मॅडमना वाटलं, आजी तिळगुळासाठी भांडं घेऊन आल्यात. त्यांनी हसून मूठभर तिळगूळ वाटीत टाकला.

"इकडे बघा, आजी," कॅमेरावाला म्हणाला.

सगुणाबाईनं बघितलं.