फेस अजून येतोय

मुलगी पूर्वी नोकरीसाठी म्युनिकला गेली तेव्हा खांदा कॉलनीतल्या घरात दोघंच उरली, तिची आई किशोरी आणि पूर्वीने पाळलेल्या माशांची खाऱ्या पाण्याची टाकी. दर रविवारी फोन यायचा, तो टाकीसाठी. पाणी किती खारट, किती गरम, स्किमरचा कप धुतलास का. किशोरी इमानाने उत्तरं द्यायची. एकदा तिने मध्येच आपली सांधेदुखी सरकवून पाहिली, तर पूर्वी म्हणाली, मग टाकीत हात घालताना जपून.

स्किमर टाकीखालच्या कपाटात असायचा. तो पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो. माशांची घाण, उरलेलं खाणं त्यांना चिकटून वर चढतं आणि कपात साचतं, कोऱ्या चहासारखं. किशोरीला हे समजावून सांगावं लागलं नव्हतं. तुरीची डाळ उकळताना वरचा फेस ती डावाने काढतेच. फरक एवढाच की डाळीला ओहोटीच्या खाडीसारखा वास येत नाही. स्किमर बंद पडला की पाणी पिवळट व्हायचं आणि दोन्ही केशरी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायचे. चालू असला की कपाटातून दिवसभर खळखळ ऐकू यायची. घरात आवाज करणारं दुसरं कोणी नव्हतं.

एप्रिलात टाकीचं पाणी खारं करायचं मीठ संपलं. कामोठ्याला माशांचं दुकान असलेल्या नावेदकडेही ते नव्हतं. मग किशोरीने मोरा बंदरावरून मासळी विकायला येणाऱ्या सोनाबाईला गळ घातली, की होडीवरून एक कॅनभर समुद्राचं पाणी आणून दे. सोनाबाई हसत हसत पायरीवरच बसली.

"लोकं दर्याचा मासा घरी नेतात. तुमी तं दर्याच नेता, ताय."

पण तिने मुलाला सांगून खोल पाण्यातला कॅन भरून आणवला, आणि वर अभिमानाने म्हणाली, "साबनानं घासलाय, दोनदा. घान नाय काय त्यात."

किशोरीने ते पाणी टाकीत ओतलं आणि जेवायला बसली. हात धुऊन येते तो कपाटाच्या फटीतून पांढरा फेस निघून सोफ्यापर्यंत पोचलेला. नावेद धावत आला. साबणाचा अंशसुद्धा स्किमरला फेसायला पुरतो, म्हणाला. त्याने टाकीतलं अर्धं पाणी काढलं, दुकानातल्या टाक्यांमधलं खारं पाणी आणून घातलं आणि सांगितलं, आंटी, घाबरू नका, कप भरला की ओतत राहा, उरलेला साबण स्किमरच बाहेर काढेल. सोनाबाईला किशोरीने यातलं काही कळू दिलं नाही. उलट पुढच्या खेपेला तिच्याकडून सुरमईच्या दोन तुकड्या जास्तच घेतल्या.

फेसाचं कळल्या दिवसापासून पूर्वीचा रोज फोन येऊ लागला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे इकडे चहाच्या वेळी. आधी मासे कसे आहेत, फेस किती येतोय. मग सुट्टी उरायची, म्हणून शेजारीण कपडे वाळत घालू देत नाही, भेंडी मिळते पण रबरासारखी, असलंही काही निघायचं. किशोरी फोन कानाला इतका दाबून धरायची की कान लाल व्हायचा.

मग फेस बसला. पाणी काचेसारखं झालं. त्या दुपारी पूर्वीने विचारलं तेव्हा किशोरी म्हणाली, "अजून येतोय." खोट्याची सवय नसल्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला. दुसऱ्या दिवशी तो बरोबर जमला. पुढे तर ती कपाचं वर्णनही करू लागली.

एका दुपारी पूर्वी म्हणाली, "आई, पुरे झालं हे. नावेदशी बोलते मी. रविवारी येऊन टाकी घेऊन जाईल. तुझ्या डोक्याला किती ताप."

किशोरीने टाकीकडे पाहिलं. मासे मजेत होते.

"नको," ती म्हणाली. "फेस कधीचाच थांबलाय."

"मग रोज येतोय येतोय काय म्हणत होतीस?"

"तू रोज फोन करत होतीस म्हणून."

पलीकडे कोणीतरी जर्मनमध्ये काही विचारलं, पूर्वीने त्याला तुटक उत्तर दिलं.

"राहू दे टाकी," शेवटी ती म्हणाली. "करते मी फोन."

कधी, ते तिने सांगितलं नाही, किशोरीनेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिने भांडी सिंकमध्ये तशीच ठेवली. नळाच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही.