दगडांचा आवा

बोरी नदीचा पूर ओसरला की लोक आपापले बांध बघायला पळायचे आणि म्हाळसाबाई दगड बघायला. गावानं बाईला वेडी ठरवायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. पण ती कुणाला जुमानते? गाळात रुतलेला ओबडधोबड गोटा ओल्या पदरानं पुसायची, उन्हाकडं धरायची, आत पिवळसर पट्टे दिसले तर टोपलीत, नाहीतर परत नदीत. तेच गोटे भाजून, कुरुंदाच्या सहाणेवर घासून, पंधरा दिवस चामड्याच्या पिशवीत लोळवले की असे लालबुंद, गुळगुळीत निघायचे की तुळजापूरचे दुकानदार हातोहात उचलायचे. अंगठीत घालायला लोक लांबून यायचे. कुणी त्याला गोटा म्हणायचं, कुणी अकीक.

सगळी करामत भाजण्यात. परड्यात कमरेइतका खड्डा, त्यात पाच मडकी, मडक्यांत गोटे, वर राख आणि राखेवर शेळीच्या लेंड्या, गोवऱ्या. याला ती आवा म्हणायची. आवा पेटला की दोन दिवस हात लावायचा नाही. तापल्या गोट्याला गार वारा लागला की तो ताडकन फुटतो, आणि वर्षाची मेहनत खपल्या होऊन पडते. तीस वर्षांत तिनं आवा मध्येच उकरला नव्हता आणि कुणाला उकरू दिला नव्हता. गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होतं, म्हातारीच्या चुलीत पाय घातला तर एकवेळ चालेल, आव्याला बोट लावायचं नाही.

आणि तिच्या लेकाला, व्यंकटला, हे नको तेवढं ठाऊक होतं.

अठ्ठेचाळीस सालचा वैशाख. निजामाचा अंमल अजून होता, आणि रझाकारांच्या टोळ्या गावोगाव झडत्या घेत हिंडत होत्या. व्यंकट तीन महिन्यांपासून तामलवाडीच्या पल्याड, हद्दीबाहेरच्या, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात होता. घरात म्हाळसाबाई, सून सारजा आणि तीन वर्षांची नात गौरा. कुणी विचारलंच तर सांगायचं, व्यंकट सोलापुरात गिरणीत आहे. ते सांगताना म्हाळसाबाईच्या तोंडचं पाणी पळायचं, म्हणून सांगायचं काम सारजा करायची.

त्या दिवशी सकाळी म्हाळसाबाईनं आवा पेटवला. सारजा नदीवरून पाणी घेऊन आली, धूर बघितला आणि जागच्या जागी थबकली.

"आत्याबाई, आवा पेटिवला?"

"मग काय जोश्याला मुहूर्त इचारू?"

सारजानं घागर खाली ठेवली. "परवा हे आलते. तुमी तुळजापूरला गेलता तवा. कोपऱ्यातल्या मडक्यात, गोट्यांखाली... काडतुसं ठिवलीत. पाच."

"काय बोलतीस?"

"म्हणले, आईचा आवा कुणी उकरत न्हाय. आईला सांगू नको, तिला खोटं बोलता येत न्हाय. मला वाटलं, तुमी बुधवारी पेटिवताल. मंगळवारी ते न्यायला येनार हुते."

"मुडद्या!" म्हाळसाबाई आव्याकडं बघूनच ओरडली, जसा काही व्यंकट त्या खड्ड्यातच बसला होता. विस्तव या अंगाला लावला होता, कोपऱ्यापर्यंत जायला वेळ होता. पण किती वेळ? आणि गौरा? गौरा लिंबाखाली खपल्यांशी खेळत होती, आव्यापासून सहा पावलांवर. "पोरीला आत ने. म्या खोरं आणते," ती म्हणाली. एवढ्यात कुत्री भुंकायला लागली, दारात घोडी थांबली आणि रझाकारांचे खाकी डगले आत शिरले.

आठजण होते. उतरंड फोडली, कणगीत संगीन खुपसली, गोधड्या उसवल्या. सारजाला उंबऱ्याशी उभी केली. मिळालं काही नाही. मग त्यांचा म्होरक्या परड्यात आला. मेंदीनं रंगवलेली दाढी, बोटात लाल खड्याची अंगठी.

"धुवाँ काहे का, माँ?"

"दगड भाजत्येय, साहेब."

"अरे, पत्थरां भाजके खाते क्या तुमे लोगां?" त्याची माणसं फिदीफिदी हसली.

म्हाळसाबाईनं कोनाड्यातला तयार गोटा काढून दाखवला. म्होरक्यानं तो अंगठीशेजारी धरला आणि बाप्याचा चेहराच बदलला. "अकीक! हमारे अब्बा के हात में बी ऐसाच था." असं म्हणून त्यानं आव्याच्या काठाला बसकण मारली. नेमकी कोपऱ्याशी. अंगठी चमकली तशी गौरा लिंबाखालून उठून आली. पोरच ती, तिला काय कळतंय! त्यानं तिला मांडीवर घेतलं. ती अंगठी ओढायला लागली.

"खोलो, माँ. देखेंगे."

"निवल्याबिगर खोलता येत न्हाय साहेब. फुटत्यात."

"तो बैठते. जल्दी क्या है?"

पोरीचा पाय त्या मडक्यावरच्या राखेपासून हातभर अंतरावर लोंबत होता. पोरीला ओढून घ्यावी तर हा विचारणार, का? खोटं बोलावं तर तोंडातून शब्द फुटणार नाही. कोपऱ्यावरची राख आता वरूनही पांढरी पडू लागली होती. आई भवानी, आता मी काय करू, एवढंच म्हाळसाबाईच्या डोक्यात फिरत होतं.

तिनं सारजाची घागर उचलली आणि या अंगाच्या मडक्यांवर भडाभडा ओतली.

वाफेचा लोट उठला. मडकं उकललं आणि आतले गोटे ताडताड ताडताड फुटायला लागले. म्होरक्या पोरीसकट उडाला. पोरीला डगल्याआड दडपून, पाठ आव्याकडं करून तो लिंबामागं धावला. माणसांनी बंदुका रोखल्या.

"दगड हायेत साहेब, दगड! मारू नका!" म्हाळसाबाई हसत ओरडली. कसलं हसणं ते, तिचं तिलाच ऐकवेना. तिनं उरलेलं पाणी ओतलं. ताड. ताड. आणि मग कोपऱ्यातून धाडकन एक.

"वो बडा था," कुणीतरी म्हणालं.

"व्हय, त्यो मोठा गोटा हुता!"

ती आव्याच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. दुसरा. तिसऱ्याला मांडीत तापली सुई घुसल्यासारखं झालं. ती हलली नाही. लुगडं तांबडं होतं, तेवढं तरी देवानं बरं केलं. चौथा. मग गोट्यांचे बारीक आवाज नुसते, आणि पाचवा येईना. येईना. म्हाळसाबाईच्या ओठांवर हसू तसंच वाळून गेलं. शेवटी तोही वाजला.

म्होरक्या लिंबामागून बाहेर आला. फुटक्या लाल खपल्या बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. दगडाची माया असलेला माणूस होता, आणि तो खपल्या चाळून बघेल हीच भीती होती.

"इत्ता नुकसान! पानी कायकू डाली?"

"तुमी खोल म्हणलात," म्हाळसाबाई म्हणाली. हे मात्र खोटं नव्हतं, म्हणून तोंडातून निघालं. "तुमच्या हुकमाम्होरं दगडाचं काय चालतंय, साहेब?"

त्यानं एक अर्धा गोटा रुमालात गुंडाळला, गौराला सारजाकडं दिली. "बच्ची को आग के पास नक्को बिठाव," एवढं दटावून तो माणसं घेऊन गेला.

घोड्यांचा आवाज गेल्यावर म्हाळसाबाई मटकन खाली बसली. "आत्याबाई, रगत!" सारजा किंचाळली. चिमट्यानं मांडीतून पितळेची चपटी खपली निघाली, नखाएवढी.

मंगळवारी व्यंकट आला. परड्यात पाय टाकला, फुटका आवा बघितला आणि त्यानं विचारलं, "आई, माझी वस्तू कुठंय?"

म्हाळसाबाईनं ती खपली त्याच्या तळहातावर ठेवली. "एवढी माज्या मांडीतनं निघाली. बाकीची आव्यात शोध. तुझी पोर काठाला बसली हुती. तिला त्या डगलेवाल्यानं पाठीआड घेतली. तुज्या काडतुसापास्नं."

गौरा व्यंकटला बघून आतून पळत आली. तिला उचलायला तो खाली वाकला, तशी म्हातारी लंगडत मधे आली.

"थांब. पोरीला हात लावू नको. आदी झडती दे."

"आई..."

"दे म्हणत्येय न्हवं!"

तिनं त्याचे खिसे चाचपले, कंबर चाचपली, पटक्याचे पदर उलगडून बघितले. व्यंकटनं दोन्ही हात वर केले आणि तिचं होईपर्यंत तसाच उभा राहिला.