मिक्सिंगवाली हन्ना

"हा एकदम स्लिम आहे मॅडम, पर्समध्येसुद्धा बसेल." दुकानातल्या मुलीने रुपेरी रंगाचा लॅपटॉप काउंटरवर सरकवला आणि अलगद उघडून दाखवला.

हन्नाने तो उचलून पाहिला. खरंच हलका होता. शेजारी उभ्या असलेल्या ख्रिस्तोफरने लगेच मान डोलावली. दौंडहून सकाळच्या शटलने निघाल्यापासून त्याच्या डोक्यात एकच होतं. बायकोला हे यंत्र घेऊन शिरूरच्या एस.टी.त उभ्याने जावं लागलं, तरी तिचा खांदा भरून येऊ नये.

"ह्याच्यावर लग्नाचं मिक्सिंग होईल का?" हन्नाने विचारलं.

"होईल की. सगळं होतं ह्याच्यावर."

"तसं नको. आम्ही कॅमेरा आन् टेप संगं आणलीय. फोटोंची सीडी पण हाय. लावून बघू का?"

मुलीने एकदा मालकाच्या केबिनकडे पाहिलं आणि हो म्हणाली.

पुण्यातल्या त्या गार, चकचकीत दुकानात हन्ना जरा अवघडली होती. पण तिला विचारल्याशिवाय राहवणार नव्हतं. दौंडच्या बाजारपेठेत ख्रिस्तोफरचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांचं शूटिंग तो करायचा आणि आतल्या खोलीत बसून त्या टेपांची कापाकापी, जोडाजोडी हन्ना करायची. फोटोंचे अल्बमही तीच बनवायची. लग्न झाल्यावर नवऱ्याला मदत म्हणून ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि पुढे ते काम तिचंच होऊन गेलं. तालुक्यातली कितीतरी लग्नं तिने त्या खुर्चीतून लावली होती. प्रत्यक्ष लग्नाला मात्र ती क्वचितच गेली असेल. नवरीचा कुठला मामा चिडका आहे, कुठल्या आत्याने पाठवणीच्या वेळी खांबाआड जाऊन डोळे पुसले, हे तिला ठाऊक असायचं. तिला मात्र कुणी ओळखत नसे. एकदा भाजी घेताना तिने एका बाईला "लेक सुखात हाय ना तुमची?" असं विचारलं, तर ती बाई हातातली जुडी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिली होती.

हे सगळं सुरळीत चालू असताना, दोन हजार आठच्या उन्हाळ्यात, तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. मार्थाबाई शिरूरच्या मिशनच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, मिशनच्या आवारातल्या छोट्या घरात एकट्या राहायच्या. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. हन्नाने त्यांना दौंडला आणलं, पण त्यांचा जीव तिथे रमेना. रेल्वेचा भोंगा वाजला की त्या दचकायच्या, आणि दिवसभर एकच धोशा लावायच्या, "घरी... ने." शेवटी हन्नाने त्यांना परत शिरूरला नेलं आणि स्वतःच्या फेऱ्या सुरू केल्या. चार दिवस शिरूर, तीन दिवस दौंड. दौंडला असेल तेव्हा नेमकी वीज गेलेली. कामं तुंबली. दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

"तू आईकडंच राहा," ख्रिस्तोफर एक दिवस म्हणाला. "मिक्सिंग पुण्याला देऊ करायला. लोक देत्यातच की."

त्याने ते मायेपोटीच म्हटलं होतं. पण त्या दिवशी हन्ना नीट जेवली नाही. बाहेर दिलेलं काम तिने पाहिलं होतं. माणसांच्या तोंडावर कॉम्प्युटरमधले गुलाब आणि बदाम उडवायचे, वर गाणं लावायचं, की झालं लग्न. तिला तसं करायचं नव्हतं. आणि आईलाही सोडायचं नव्हतं. तेव्हा नवराबायकोने मिळून ठरवलं की एक लॅपटॉप बघायचा. त्याच्यावर सगळं काम झालं तर दोन्ही साधेल. नाही झालं, तर दोनपैकी एक सोडावं लागेल, आणि ते कुठलं, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

दुकानातल्या मुलीने सीडी लावली. रुपेरी लॅपटॉपच्या पडद्यावर एक नवरी उमटली. तिचा लालभडक शालू केशरी दिसत होता. हन्नाने मान जरा तिरकी केली, तर तो केशरीही उडाला.

"सेटिंग करून मिळेल, मॅडम," मुलगी म्हणाली आणि हसली. हसताना तिने ओठ मुडपून डावीकडे पाहिलं.

ते हसू हन्नाच्या ओळखीचं होतं.

"तू शिक्रापूरची का गं?" तिने विचारलं.

"हो. का?"

"रुपाली ना? बहिणीच्या लग्नात नवरदेवाचे बूट पाण्याच्या टाकीमागं लपवले होतेस."

रुपालीचा हात माउसवरच थांबला. "तुम्हाला कसं माहीत? तुम्ही आमच्या पाहुण्यांपैकी का?"

"नाय गं. ह्यांनी शूटिंग केलं होतं, मिक्सिंग माझं होतं."

"अगं बाई!" रुपालीची पुण्याची भाषा एका क्षणात गळून पडली. "आवो ताई, आमी दर दिवाळीला लावतो ती सीडी! माझी आई बूट शोधत फिरती आन् मागनं वरमाय हसतीय, ते तुमी ठेवलं व्हय? आई अजून शिव्या देती त्यापायी."

"वरमाय दिवसभरात तेवढीच हसली होती. म्हणून ठेवलं."

रुपाली खळखळून हसली. मग पुन्हा केबिनकडे नजर टाकून तिने आवाज खाली आणला. "ताई, मग ह्यो नका घेऊ. ह्यो हापिसात पत्रं टायपायला बरा. तुमच्या कॅमेऱ्याची वायर लावायला ह्याला जागाच न्हाई. आन् व्हिडिओचा लोड घेतला की अडकतो बघा. थांबा जरा."

ती आत गेली आणि छातीशी धरून एक काळा, रुंद लॅपटॉप घेऊन आली. काउंटरवर ठेवताना तो धप्पकन वाजला.

"दिसायला हा असा. कोणी बघत पण नाही ह्याच्याकडं. पण ग्राफिक कार्ड वेगळं आहे, हार्ड डिस्क मोठी आहे, पडदा मोठा आहे. मेमरी तेवढी वाढवून घ्या, पुढं पस्तावणार नाही."

वायर लागली. टेप फिरू लागली आणि पडद्यावर कुठल्याशा अंगणातली हळद उतरली. नवरीच्या गालावरची हळद हळदीसारखी पिवळी होती. हन्नाने एक तुकडा कापला, त्याची गती कमी केली, एका चित्रात दुसरं मिसळलं. घरच्या कॉम्प्युटरवर एवढं केलं की चहा पिऊन यावं लागे. इथे पंखा घुर्र वाजला, पण चित्र अडखळलं नाही. हळद लावणारे हात संथपणे खाली आले आणि त्यांतून मंगलाष्टकांचा अंतरपाट उलगडला. हन्ना खुर्चीत पुढे सरकून बसली. ख्रिस्तोफरने तिचा चेहरा पाहिला आणि जे समजायचं ते समजला.

त्याने लॅपटॉप उचलून पाहिला. "ह्यो लॅपटॉप हाय का पाटा?"

मग त्याने किंमत विचारली. ती ऐकल्यावर चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला.

"अहो, लई जड आहे," हन्ना हळूच म्हणाली. "आन् त्या दुसऱ्यापेक्षा महाग. अजून एखादं दुकान बघू."

"काम ह्याच्यावर होतंय का?"

"होतंय. आपल्या घरच्यापेक्षा भारी होतंय."

"मग झालं तर. वजनाचं मी बघतो. मी स्वतः आणून ठेवीन शिरूरला." आणि रुपालीकडे वळून तो म्हणाला, "बांधा पोरी हाच. मेमरी वाढवून."

पुढच्या आठवड्यात तो काळा लॅपटॉप मार्थाबाईंच्या खाटेशेजारी, त्यांच्या जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर विराजमान झाला. आजारी पडल्यापासून मार्थाबाई भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. पहिल्या दिवशी सनई वाजली तशी त्यांनी मान वळवली. दुसऱ्या दिवशी हन्नाकडून पाठीशी दोन उशा लावून घेतल्या. आठवड्याभरात त्या आपणहून बोलू लागल्या.

"नवरा... झोपलाय," त्या एकदा म्हणाल्या.

हन्नाने पाहिलं. खरंच, भटजींच्या समोर नवरदेवाला डुलकी लागली होती. तिने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला आणि मायलेकी हसल्या. मार्थाबाईंच्या तोंडाची एकच बाजू हसली, पण ती मनापासून हसली. वीज गेली तरी बॅटरीवर तास-दीड तास काम निघायचं. आईला भरवणं, अंग पुसणं, पाय चोळणं, आणि मधल्या वेळात लग्नं. हन्ना आता शिरूरलाच राहायची आणि टेपा दौंडहून न्हावऱ्यामार्गे एस.टी.ने यायच्या. रविवारी चर्चमधली उपासना आटोपून ख्रिस्तोफर यायचा. आपण रोज घरी स्वयंपाक करतो असं तो सांगायचा, आणि खाणावळीची पावती शर्टाच्या खिशातून डोकवायची.  हन्ना त्याच्यासाठी मटण जास्त करायची.

दिवाळीनंतर एका सकाळी दारात एक म्हातारी उभी राहिली. कपाळ मोकळं, अंगावर जुनं नऊवारी. सोबत चाळिशीतला मुलगा होता.

"लग्नाची क्यासेट जोडनाऱ्या बाई त्या तुमीच का?" मुलाने विचारलं. "मी म्हाळू. आमी कारेगावचं. ही माझी आय, अनसाबाई. माझ्या पोरीचं, सोनमचं, लगीन दौंडच्या फोटोवाल्यांनी काढलं व्हतं. तिचं सासर पाटसचं."

हन्नाला सोनम लगेच आठवली. हातभर चुडा, आणि पाठवणीच्या वेळी मोटारीचं दार धरून राहिलेली. तिने दोघांना आत घेतलं. मार्थाबाईंनी डाव्या हाताने म्हातारीला खाटेवर बसायची खूण केली.

"बाई, आमचं मालक गेलं श्रावनात," अनसाबाई म्हणाली. "गेणबा नाव त्येंचं. त्येंचा एकबी फोटू न्हाई धड. सारा जन्म मेंढरांमागं गेला, फोटू कोन काढनार? मतदानाच्या कार्डावर हाय, पर त्यो त्येंचा वाटतच न्हाई, चोराचा वाटतो. नातीच्या लग्नात कुठंतरी आलं आसतील. त्या डीव्हीडीत तर न्हाईत."

हन्नाला कारण कळलं. शूटिंग नवऱ्याकडच्यांनी सांगितलेलं, त्यामुळे कॅमेरा सगळा वेळ पाटसकरांवरच होता.

"आन् कॅमेरा दिसला की ह्ये पाठ करायचं," अनसाबाई पुढे म्हणाली. "लाजायचं. उंच व्हतं, डोक्याला फेटा आन् खांद्यावर घोंगडी कायम."

"टेपा असतील तर बघते," हन्ना म्हणाली. "पण मावशी, नक्की सांगू शकत नाही. जुन्या टेपांवर नवीन शूटिंग करतात कधीकधी."

तिने दौंडला फोन लावला. ख्रिस्तोफरने दुकान धुंडाळलं आणि रविवारी येताना टेपा घेऊन आला. शेवटच्या टेपवर त्याने दुसऱ्या लग्नाची चिठ्ठी चिकटवलीसुद्धा होती, फक्त ते लग्न पुढे ढकललं गेलं होतं.

हन्नाने सगळं पुन्हा उतरवून घेतलं. गेणबा तिला सापडत होता, पण फेट्याचं टोक, खांद्यावरची घोंगडी, वळलेली पाठ, एवढाच. मार्थाबाईही डोळे बारीक करून शोधत होत्या. शेवटच्या टेपवर पाठवणी झाली, मोटार धुरळा उडवत गेली. एरवी हन्ना इथेच थांबायची. आज तिने टेप चालू ठेवली. ख्रिस्तोफर कॅमेरा स्टँडवर तसाच ठेवून जेवायला गेला होता, आणि बंद करायला विसरला होता. जनरेटरही थांबलेला. पडद्यावर संध्याकाळचा काळोखा मंडप, सांडलेल्या अक्षता आणि उलट्यासुलट्या खुर्च्या.

"आला," मार्थाबाई म्हणाल्या.

अंधारातून एक उंच म्हातारा आला. त्याने आडवी पडलेली एक खुर्ची सरळ केली. मग वाकून सतरंजीवरच्या अक्षता वेचल्या आणि उपरण्याच्या टोकात बांधल्या. सोनमच्या खुर्चीवरचं कापड हाताने सारखं केलं, आणि इकडेतिकडे कुणी नाही असं बघून त्याच खुर्चीवर बसला. समोर कॅमेरा चालू आहे हे त्याला कुठून माहीत असणार? तो सरळ समोर बघत बसून राहिला.

दुसरा दिवस हन्नाने त्या एवढ्याशा तुकड्यावर घातला. थोडाथोडा उजेड चढवला, काळोखातले ठिपके घालवले, चेहऱ्याचा रंग आणला. एकेका चित्राचा हिशेब करताना तो काळा लॅपटॉप तापून निघाला, पण दुपार उलटेपर्यंत नेटाने चालत राहिला. गेणबाच्या मिशा दिसू लागल्या, कानातली बाळी दिसू लागली. त्यातलंच एक चित्र थांबवून तिने भिंतीवर लावण्याजोगा फोटो केला.

निरोप मिळताच अनसाबाई म्हाळूबरोबर आली. हन्नाने तिला पडद्यासमोर खुर्ची दिली आणि तुकडा लावला.

म्हातारा आला, खुर्ची सरळ केली, अक्षता वेचल्या. "आगं आये..." म्हणून म्हाळूने तोंड फिरवलं. अनसाबाई मात्र हलली नाही.

"म्या म्हनलं, कुठं गेलं जेवायचं सोडून," ती पुटपुटली.

पडद्यावर गेणबा नातीच्या खुर्चीत बसला आणि त्याने समोर पाहिलं. अनसाबाईचा हात वर गेला. बघण्याच्या नादात खांद्यावर घसरलेला पदर तिने डोक्यावरून पुढे ओढून घेतला, कपाळापर्यंत नीट सारखा केला, आणि मग मान खाली न घालता त्याच्याकडे बघत बसली.