दुसऱ्या कडव्यात ती नसते

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. त्या संध्याकाळी त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमात मला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती इथे, अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये, गाणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधीच पाठ आहे. नेल्डा टिडवेल अचानक गेली, तिला पुरून आल्यावर हॉइट टिडवेल स्वयंपाकघरात बसला आणि वीस मिनिटांत त्याने ‘कुठं ठेवलीयस’ लिहून काढलं. पुढे एक शब्दही बदलला नाही. त्या गाण्यातला माणूस सवयीने बायकोला हाक मारतो, साखर कुठं ठेवलीयस म्हणून, आणि मग त्याला आठवतं.

हॉइट आणि नेल्डा माझे आईबाबा, आणि या गोष्टीची साक्षीदार मी आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दफनाहून परतल्यावर जिन्यात बसलेली असताना खालून बाबांची हाक ऐकली, “नेल्डा, साखर कुठं ठेवलीयस?” पुढे मी ग्रंथपाल झाले, दुःखावरची पुष्कळ पुस्तकं वाचली. त्या हाकेइतकं खरं मला त्यांत काही सापडलं नाही.

म्युझिक रो या गाण्यांच्या कंपन्यांच्या रस्त्यावर गाणी लिहायची पद्धत ठरलेली आहे. सकाळी दहाला दोघं-तिघं एका खोलीत बसतात, एक वाजेपर्यंत गाणं तयार. धृपद पहिल्या मिनिटाच्या आत यायला हवं, गाण्याचं नाव धृपदाच्या शेवटच्या ओळीत. तरुणपणी बाबांनी आणि वेंडेल प्रुइटने अशी शेकडो गाणी पाडली. आई गेल्यावर बाबांनी ते सोडलं. “मोजायचंच असेल तर सुतार व्हा,” असं ते नव्या पोरांना सुनावत. “गाणं येतं तेव्हा आपण फक्त वाटेतून बाजूला व्हायचं.”

दुपारी सभागृहातली आवाजाची चाचणी आटोपून मी बाहेर आले, तर वेंडेलकाका त्यांच्या जुन्या पिकअपला टेकून उभे होते.

“बस आत. एक टेप ऐकवायचीय.”

“आत्ता? काका, मला अजून भाषण धड पाठ नाहीये.”

“म्हणूनच आत्ता. आणि कॅसेट वाजवणारी गाडी या गावात ही एकच उरलीय, नखरे नकोत.”

कॅसेटवर बाबांच्या अक्षरात तारीख होती. सोळा एप्रिल, आई गेली त्याच वर्षातली. आई नोव्हेंबरमध्ये गेली, मेंदूत रक्तस्राव होऊन, दुकानाच्या रांगेत उभ्याउभ्या. एप्रिलमध्ये तिला साधी सर्दीही नव्हती.

गिटार वाजली. मग बाबांचा आवाज, तरतरीत.

“तर आज मारायचं कुणाला?”

“आई नको,” टेपवरचे वेंडेलकाका म्हणाले. “आया यंदा गाण्यांत फार मेल्यात. कुत्रा आपण गेल्या वर्षी मारला.”

“बायको?”

“बायको चालेल. पहिल्या कडव्यात जिवंत, दुसऱ्या कडव्यात नाही. धृपद तेच ठेवू.”

“एक मिनिट चाळीस सेकंदांवर लोक रडायला पाहिजेत.”

“पस्तीसवर रडवतो, तू बघ.”

दोघे हसले. धृपदाची चाल सुरू झाली आणि मी गाडीच्या दाराचा दांडा घट्ट धरला. ती चाल मला झोपेतही ओळखता आली असती. काका समोरच्या काचेतून बाहेर बघत होते.

“टेबलावर सवयीने दोन कप मांडतो,” टेपवरचे काका सांगत होते. तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला.

“सँडविच आणलेत. आज कोण मेलं?”

ती आई होती. आईचे फोटो आहेत माझ्याकडे, तिच्या हातच्या पाककृतींची कार्डं आहेत. आवाज कुठेच नव्हता. अठ्ठावीस वर्षांनी तो माझ्यापासून हातभर अंतरावर बोलत होता.

“तू,” बाबा म्हणाले. “दुसऱ्या कडव्यात.”

“चला, इस्त्री तरी वाचली.” कागदाची सळसळ झाली, ती वहीत डोकावत असणार. “दोन कप? हॉइट, कप कुठं असतात ते तरी माहितीय का तुला? मी मेले ना, तर तू स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहून ओरडशील, नेल्डा, साखर कुठं ठेवलीयस!”

टेपवरची गिटार थांबली. मग बाबांचा दबका आवाज आला, “वेंडेल, लिही. लिही ते आधी.”

काकांनी टेप बंद केली.

“तेव्हा गाणं कुणी घेतलं नाही,” ते म्हणाले. “पडून राहिलं. ती गेल्यावर महिन्याभराने तो आला आणि म्हणाला, वेंडेल, तुझं नाव काढ. दोघांनी खोलीत बसून लिहिलंय म्हटल्यावर कोण रडणार?”

“आणि तुम्ही काढलंत?”

“बायको गेलेल्या माणसाशी भांडू? खोलीत असेल त्याचं नाव गाण्यावर लागतं, सगळ्यांचं सारखं, हा इथला कायदा. माझं मी सोडलं ते सोडलं. पण तिचं लावायला हवं होतं हे मला परवा टेप सापडेपर्यंत सुचलंसुद्धा नाही.”

“पण मी ऐकली होती हाक. जिन्यातून. आई गेल्यावर.”

“माहितीय, पोरी.”

“मग ते काय होतं? गाणं म्हणून बघत होते का ते?”

“खरंच साखर सापडत नसेल. ती बरोबरच सांगून गेली होती की.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेव्हा मला आठवलं की आमच्या जिन्याची चौथी पायरी वाजायची. हाकेच्या आधी मी त्या पायरीवर सरकले होते. वर कुणीतरी ऐकतंय, हे खाली कळलं असणार. पंधरा-वीस कार्यक्रमांत मी ती हाक लोकांना सांगितली आहे. दर वेळी बाबा शेजारी मान खाली घालून उभे असायचे.

संध्याकाळी मंचावर गेले तेव्हा भाषणाचा कागद मी उघडलाच नाही. मी सांगितलं की हे गाणं एप्रिलमध्ये, मंगळवारी सकाळी लिहिलं गेलं. खोलीत तिघं होते, हॉइट टिडवेल, वेंडेल प्रुइट आणि नेल्डा टिडवेल, आणि उद्यापासून गाण्यावर तिन्ही नावं लागतील. साखरेची ओळ माझ्या आईची आहे, ती तिने जिवंतपणी, चेष्टेत म्हटलेली आहे. हाकेबद्दल मी बोलले नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. बाबांकडे शिकलेला एक जण पहिल्या रांगेतून उठला आणि सरळ बाहेर निघून गेला. गाणार होती ती मुलगी गिटार घेऊन माझ्याकडे बघत राहिली. तिने माइकवर हात ठेवून विचारलं, “मॅडम, मग आता हे मी कसं गाऊ?”

मी माइकसमोरून बाजूला झाले.

तिने गिटार नीट धरली आणि सुरुवात केली. साखरेची ओळ आली तेव्हा मागच्या अंधारात कुणीतरी बाई मोठ्याने हसली. इतक्या वर्षांत त्या ओळीला कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. गाणारी अडखळली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढची ओळ तिने जरा खेळकर आवाजात घेतली.