नारळ माझ्या डोक्यावर फुटला

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गळा काढतात, अशी तुमची समजूत असेल. मला गळा नाही. एक स्पीकर आहे, आणि सध्या तो नीट चालतो.

ज्यांनी माझ्यासारखा कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रिक गिटारची तार नुसती छेडली तर तिचा आवाज डासाएवढा येतो. तो वायरीतून माझ्यात शिरतो आणि मोठा होऊन बाहेर पडतो. माझ्या पोटात काचेचे चार व्हॉल्व्ह आहेत. ते फार तापतात, म्हणून गरम हवा जायला माझ्या डोक्यावर जाळी ठेवली आहे. ही जाळी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म १९८७ सालचा, बडोद्यातल्या गोरव्याचा. तिथल्या एका लहानशा कारखान्यात गोविंद साने ट्रान्सफॉर्मरवर तार गुंडाळायचा. मशीन हाताने फिरवायचं होतं. त्याच्या चाकाचा एक दात झिजलेला, त्यामुळे दर सातव्या फेऱ्याला ते 'टक्' करायचं. काम संपल्यावर मालकाच्या परवानगीने गोविंद माझा ट्रान्सफॉर्मर गुंडाळत बसे. हजारो फेरे होते. मोजता मोजता त्या टक्-बरोबर तो गुणगुणू लागला. चार दिवसांनी ट्रान्सफॉर्मर पुरा झाला तेव्हा एक गाणंही पुरं झालं होतं. मुख्य रुळावरून काढून बाजूला उभ्या करून ठेवलेल्या मालडब्याचं गाणं, नाव 'सायडिंग'. ते सात मात्रांत चालतं, कारण मशीन सातात चालत होतं. यात कुणाची कल्पनाशक्ती वगैरे काही नाही, झिजलेला दात आहे.

पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या तासून त्याने माझी पेटी केली. पुढे ॲल्युमिनियमची पट्टी लावली आणि तीवर खिळ्याने कोरलं : गो. साने, गोरवा, १९८७.

गोविंद ज्या बँडमध्ये होता त्याचं नाव 'लोकोशेड'. गोविंद बास गिटार वाजवायचा. रिफायनरीतला नंदू गिटारवर, रेल्वेतले भास्करराव ड्रमवर, आणि शाळेत शिकवणारी पद्मा गायला. दर रविवारी सकाळी भास्कररावांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तालीम व्हायची. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. नवरात्र आलं की मंडळं याच चौघांना गरबा वाजवायला बोलवायची. नऊ दिवस ते गरबा वाजवत आणि दसऱ्याला दुपारी स्वतःची गाणी. वर्षातला तो एक दिवस त्यांचा होता, आणि माझाही.

त्या दिवशी आधी वाद्यांची पूजा व्हायची. गोविंदचा नियम ठरलेला होता. "आधी पिन काढा." माझी पिन बोर्डातून निघाल्याशिवाय हळदकुंकवाची वाटी कुणी उचलायची नाही. कुंकू लाकडावर, एकच बोट. झेंडूची माळ हँडलला. नारळ बाहेर पायरीवर फोडायचा. शिवाय पिन काढली तरी दहा मिनिटं मला उघडायचं नाही, कारण माझ्या आत तेवढा वेळ करंट साठून राहतो. सगळे त्याची चेष्टा करायचे. नंदू म्हणायचा, "हा गोविंदा लग्नात अंतरपाट धरण्याआधी पण पिन काढायला लावील!"

१९९१ साली त्यांची एकुलती एक कॅसेट निघाली. 'सायडिंग' बडोद्यात कॉलेजच्या पोरांच्या तोंडी झालं. माझंही कौतुक झालं. मला हात लावून बघायला लोक येत. पण कव्हरवर काय छापलं होतं? 'गीत आणि संगीत : नंदू'. छापखान्याला फोनवर नावं नंदूनेच सांगितली होती. गोविंद ते कव्हर हातात धरून माझ्यावर बसला होता, म्हणून मला पक्कं आठवतं. नंदू म्हणाला, "छापणाऱ्याने घोळ केला रे. पुढच्या कॅसेटला सुधारू."

"चालेल," गोविंद म्हणाला.

या एका शब्दाचा मला जितका राग येतो तितका नंदूचाही येत नाही.

पुढची कॅसेट निघालीच नाही. भास्कररावांची बदली रतलामला झाली, नंदूला बढती मिळाली, पद्मा मुख्याध्यापिका झाली. मी घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत गोविंदच्या घरी माळ्यावर गेलो, जुन्या कूलरच्या शेजारी. तरी दर दसऱ्याला तो मला खाली काढायचा, पुसायचा, आणि पूजेनंतर 'सायडिंग'ची चार आवर्तनं वाजवायचा. मग त्याचे हात थरथरू लागले. गेल्या दोन दसऱ्यांना त्याने मला खाली काढलं नाही. माळ्यावर पडून मी खालच्या आरतीचा आवाज ऐकला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

आणि मग या वर्षी, कॅसेटनंतर तेहेतीस वर्षांनी, पोळात नंदू आला.

"गोविंदा, लोकोशेड परत येतंय! भास्करराव रिटायर होऊन इथे परत आलेत, पद्मापण तयार आहे. अख्खा अल्बम करतोय. सुभानपुऱ्यात आमच्या घरी वरच्या मजल्यावर वरदने स्टुडिओ टाकलाय ना, तिथे." वरद हा नंदूचा मुलगा. "तुझा ॲम्प लागणार. व्हिडिओत मागे दिसला पाहिजे, लोकांना असलं जुनं फार आवडतं हल्ली."

गोविंदचा चेहरा असा उजळला की मला माळ्यावरूनही दिसलं. तो चहा पुढे करायला गेला आणि बशीत सांडला. नंदूने ते बघितलं.

"तू आराम कर रे. बास वरद कॉम्प्युटरवर करून टाकेल. एकदम बराबर येतं."

"आणि 'सायडिंग'?"

"पहिलं गाणं तेच."

गोविंदने तोंड उघडलं. तेहेतीस वर्षं जे विचारायचं होतं ते ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "चालेल." आणि मला रिक्षात चढवून दिलं.

सुभानपुऱ्यात पोचल्यावर वरदने पहिलं काम केलं ते माझ्यावर काळा रंग फवारायचं. व्हिडिओत उठून दिसावा म्हणून. नावाची पट्टी रंगाखाली गेली. मग मला भिंतीशी मांडून ठेवलं, वायर न जोडता. तीन आठवडे मी तिथे शोभेला बसून काय काय ऐकलं म्हणून सांगू! 'सायडिंग' त्यांनी आठ मात्रांत बसवलं होतं. नंदूने वरदला तसंच सांगितलं होतं. कॉम्प्युटर बिचारा जे सांगाल ते करतो. पद्मा गायला उभी राहायची आणि दर वेळी तिसऱ्या ओळीला अडखळायची.

"इथे काहीतरी जास्त होतंय रे," ती म्हणायची.

"वय झालं आपलं, दुसरं काय," भास्करराव म्हणायचे.

शेवटी पद्मालाही तेच खरं वाटू लागलं. आपलाच दम पुरत नाही, असं म्हणून ती एकदा पर्स उचलून घरी निघून गेली. ज्या बाईच्या आवाजाने माझा स्पीकर थरारायचा तिला या लोकांनी स्वतःविषयी शंका घ्यायला लावली. मी ओरडलो असतो, पण मला वायरच जोडलेली नव्हती.

दसऱ्याला चित्रीकरण ठरलं. फाफडा-जिलेबी आली, कॅमेरावाला आला. पूजा मांडली. माझा लाल दिवा लागलेला दिसावा म्हणून वरदने मला, तीन वर्षांनी प्रथमच, बोर्डाला जोडलं. व्हॉल्व्ह तापले. आणि मग नंदूने नारळ उचलला, कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "पहिला मान आमच्या जुन्या ॲम्पला!"

त्याने तो माझ्या डोक्यावर फोडला.

मित्रांनो, सगळं पाणी जाळीतून आत गेलं. तापलेला व्हॉल्व्ह तडकला. फ्यूज उडाला, जळका वास सुटला, आणि त्या खोलीचेच नाही तर खालच्या स्वयंपाकघराचेही दिवे गेले. माझी पूजा करता करता या लोकांनी मला जवळजवळ मारलं. ज्या बँडने पंधरा वेळा "आधी पिन काढा" ऐकून त्यावर विनोद केले, त्यातल्या एकालाही ते आठवलं नाही.

वरदने खाली जाऊन घरातले दिवे परत आणले आणि दोन दुकानांत फोन केले. दोघांनी फेकून द्या म्हणून सांगितलं. तेव्हा पद्माने कुणाला न विचारता गोविंदला फोन लावला. तासाभरात तो पिशवी घेऊन आला.

कॅमेरावाल्याने विचारलं, "हे कोण?"

नंदू म्हणाला, "हे आमचे टेक्निशियन. जुने आहेत."

टेक्निशियन! भास्करराव जिलेबीच्या कागदाकडे बघत राहिले. गोविंदने काही ऐकलंच नाही असं दाखवलं. त्याने माझी पिन काढली, स्टूल ओढलं आणि घड्याळ बघत दहा मिनिटं बसला. नंदू येरझाऱ्या घालत होता. दहा मिनिटं झाल्यावर गोविंदने मला उघडलं, नारळाच्या शेंड्या चिमट्याने काढल्या, स्पिरिटने पुसलं, पंख्यासमोर वाळवलं. नवा व्हॉल्व्ह आणि फ्यूज त्याने पिशवीतूनच काढला. इतकी वर्षं जपून ठेवला होता. एका ठिकाणी तारेला कथलाचा डाग द्यायचा होता आणि त्याचा हात थांबेना. पद्मा खाली बसली आणि तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. डाग नीट बसला. स्क्रू लावताना पट्टीवरचा काळा रंग त्याला दिसला. त्याने नखाने तो जरासा खरवडला, इतकंच.

मग मला जोडून, कोपऱ्यातली बास गिटार घेऊन, तो नेहमी जे वाजवून माझी परीक्षा घ्यायचा तेच त्याने वाजवलं. 'सायडिंग'. बोटं कापत होती, दोन सूर निसटले. पण सात होते, मित्रांनो! सात आणि टक्. दुसऱ्या आवर्तनाला भास्कररावांचा पाय आपोआप हलू लागला. तिसऱ्या ओळीवर पद्मा उभ्या जागी गायला लागली, आणि ती अडखळली नाही.

वरद खुर्चीतून उठला. "एक मिनिट, काका. हे सातचं आहे?"

"पहिल्यापासून सातचंच आहे."

वरद बापाकडे वळला. पोरगा भोळेपणानेच विचारत होता. "बाबा, मग तुम्ही मला आठ का सांगितलं? गाणं तुमचंच आहे ना?"

खोलीत फक्त माझी घरघर होती. नंदू म्हणाला, "अरे, त्या वेळी सगळं मिळूनच व्हायचं. कुणाचं काय, ते आता कुठे..."

मला वाटलं, आता येणार तो शब्द. आता गोविंद 'चालेल' म्हणणार आणि मी पुन्हा तेहेतीस वर्षं माळ्यावर जाणार.

गोविंद उठला आणि त्याने माझी पिन काढली. घरघर थांबली.

"आता मागे काही आवाज नाही, नंदू," तो म्हणाला. "कॅमेरापण चालू आहे. बोल."

नंदूने भास्कररावांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली नाही. नंदू बोलला, पण नुसत्या छेडलेल्या तारेएवढ्या आवाजात. "गोविंदचं आहे."

असले बारीक आवाज मोठे करणं हे माझं जन्मभराचं काम, आणि माझी पिन काढलेली.

"ऐकू नाही आलं," पद्मा म्हणाली.

तेव्हा ते त्याला स्वतःच्या छातीतून काढावं लागलं. "गाणं गोविंदचं आहे! शब्द, चाल, सगळं. माझं काही नाही त्यात."

मित्रांनो, माझ्यासारख्यांची नीट निगा राखा, एवढंच सांगून मी थांबावं अशी रीत आहे. तर राखा. आमच्यावर पाणी सांडू नका, आमच्यावर लिहिलेलं नाव रंगाने झाकू नका, आणि ज्याचं काम असेल त्याचं नाव तो जिवंत असताना, समोर बसलेला असताना, मोठ्याने घ्या. त्याने मागायची वाट बघू नका. काही माणसांना मागता येत नाही.

माझा राग गेला असं मात्र समजू नका. गोविंदची ती कापऱ्या बोटांची बास आता गाण्याच्या सुरुवातीला ठेवायची ठरली आहे. पण अल्बमचं कव्हर अजून छापायचं आहे, आणि या वेळीही नावं नंदूच कळवणार आहे. मी स्टुडिओत भिंतीशी बसून त्याचा फोन ऐकणार आहे. पिन काढली तरी माझ्या आत करंट राहतो.